गुरूचे ऋण, गुरूशी मतभेद : कोसंबी पिता-पुत्र

संपादक मंडळाने मला विज्ञानावर लिहायला सांगितले आणि मी इतिहासावर लिहितो आहे. याबद्दल गणिताच्या बाई आणि इतिहासाचे सर, दोघांनीही सांभाळून घ्यावे. ज्या माणसावर लिहायचे आहे तोच असा होता की त्याला कोणत्या विषयाच्या तासाला बसवावे हे त्याच्या हयातीत भल्याभल्या विद्यापीठांनाही ठरवता आले नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव. पेशाने गणिती. पण प्राचीन भारताच्या इतिहासाचा अभ्यास आज ज्या पद्धतीने होतो, ती पद्धत घडवणाऱ्या पहिल्या चार-दोन जणांत त्यांची गणना होते.

आपल्यापैकी निम्मे जण दिवा, मुंब्रा नाहीतर डोंबिवलीहून गाडी पकडून कॉलेजला गेलो. त्याच मार्गावरून १९४६ पासून पुढची सोळा वर्षे हे प्राध्यापक पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जात असत. घर पुण्यात, नोकरी मुंबईत. कर्जत, कल्याण, पारसिकचा बोगदा हा त्यांचा नेहमीचा रस्ता. रेल्वेचा पास बाळगणारा शास्त्रज्ञ आपल्याला जरा जवळचा वाटायला हरकत नाही.

पण गोष्ट सुरू करावी लागते ती त्यांच्या वडिलांपासून.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. शालेय शिक्षण जेमतेम. एका मराठी मासिकात बुद्धाविषयी वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा असे मनाने घेतले. १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळ आणि बुद्धगया करून अखेर श्रीलंकेत पोचले. तिथे १९०२ साली त्यांनी दीक्षा घेतली आणि पाली भाषा आत्मसात केली. हे सगळे त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात लिहिले आहे. मराठीतल्या सरळ, अलंकाररहित गद्याचा इतका चांगला नमुना शाळेच्या पाठ्यपुस्तकात आपल्याला का मिळाला नाही, हे मला अजून कळलेले नाही.

भारतात परतल्यावर कलकत्त्याला जास्त पगाराची विद्यापीठातली नोकरी असताना ती सोडून ते महाराष्ट्रात आले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले होते आणि अट एवढीच, की महाराष्ट्रात कुठेही राहून बौद्ध धर्मावर लिहावे. पुढे १९१० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले. 'विसुद्धिमग्ग' या मोठ्या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करायची होती. तिथले प्राध्यापक लॅनमन आणि धर्मानंद यांचे श्रेयावरून बिनसले. काम आपण करायचे आणि संपादक म्हणून नाव मात्र नीट लागायचे नाही, हे धर्मानंदांना मान्य झाले नाही. ते १९१२ मध्ये परत आले आणि सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत राहिले. त्यानंतरही ते त्या ग्रंथासाठी पुन्हा अमेरिकेला गेले, कारण ग्रंथ पुरा व्हायला हवा होता. हार्वर्डची ती आवृत्ती छापून आली १९५० साली. तोपर्यंत धर्मानंदांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

ही तपशिलाची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. अपमान लक्षात राहतो आणि कामही सोडवत नाही, हा स्वभाव मुलाने जसाच्या तसा उचलला. फक्त मुलाकडे वडिलांची सहनशीलता नव्हती.

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्याचाच. १९१८ साली थोरली बहीण माणिक आणि वडील यांच्याबरोबर ते अमेरिकेतल्या केंब्रिज गावी गेले. तिथे शाळा, बालवीर पथक, वाचनालय. वडिलांच्या हार्वर्डमधल्या सहकाऱ्याचा मुलगा नॉर्बर्ट वीनर हाही त्यांचा मित्र झाला. पुढे संदेशवहन आणि नियंत्रण यांच्या गणितात ज्याचे नाव झाले, तोच हा वीनर. शालान्त परीक्षेत दामोदरांनी इतके उत्तम गुण मिळवले की हार्वर्डची प्रवेश परीक्षा त्यांना माफ झाली. १९२४ मध्ये प्रवेश घेतला, मध्येच शिक्षण थांबवून ते भारतात आले. वडील तेव्हा अहमदाबादला गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात होते. १९२६ च्या जानेवारीत ते पुन्हा हार्वर्डला गेले.

हार्वर्डमध्ये त्यांचे गुरू जॉर्ज बर्कहॉफ. त्या काळातले अमेरिकेतले अग्रगण्य गणिती. बर्कहॉफ यांचे सांगणे होते की या मुलाने इकडेतिकडे न पाहता केवळ गणित करावे. मुलाने ऐकले नाही. भाषा, इतिहास, जे दिसेल ते विषय घेतले आणि प्रत्येकात वरचा क्रमांक काढला. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळाली. गुरूचे म्हणणे बरोबर होते का? गणितज्ञांना विचाराल तर बहुतेक जण हो म्हणतील. एकाच विषयाला खिळून राहिले असते तर दामोदर कोसंबी फार मोठे गणिती झाले असते, असे मानणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटते, त्या एका न ऐकण्यामुळे आपल्याला एक इतिहासकार मिळाला. मेळाव्यात आपण सगळे सरांच्या पाया पडू, तेव्हा त्यांनी शिकवलेले किती आणि न ऐकलेले किती, याचा हिशेब ज्याचा त्याने मनात करावा.

पुढचा काळ विद्यापीठांचा. आधी बनारस हिंदू विद्यापीठ. तिथे ते गणिताबरोबर जर्मनही शिकवत. मग अलिगढ मुस्लिम विद्यापीठ. तिथे आंद्रे वेय हा पंचविशीही न गाठलेला फ्रेंच गणिती विभागप्रमुख म्हणून आला होता आणि त्यानेच कोसंबींना बोलावून घेतले. दोघेही तरुण, दोघेही तिखट. तिथल्या एका सहकाऱ्याशी कोसंबींचे जुळत नव्हते. वेयच्या सांगण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक शोधनिबंध छापला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या, क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने मेलेल्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. असा गणितज्ञ कधी जन्मालाच आला नव्हता. चेष्टा होती. पण काही वर्षांनी वेय आणि त्याच्या फ्रान्समधल्या मित्रांनी एकत्र येऊन बूर्बाकी याच टोपणनावाने गणिताची ग्रंथमाला लिहायला घेतली आणि ते नाव विसाव्या शतकातल्या गणितात अजरामर झाले. त्या नावाचा छापील उल्लेख पहिल्यांदा झाला तो अलिगढच्या एका मराठी प्राध्यापकाच्या लेखात.

१९३३ पासून बारा वर्षे ते फर्ग्युसन कॉलेजात होते. वडिलांनी जिथे पाली शिकवली तिथे मुलगा गणित शिकवू लागला. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. कोसंबींचे शिकवणे सोपे नव्हते. परीक्षेपुरते शिकवणे त्यांना जमले नाही आणि जमवून घ्यावे असे वाटलेही नाही. १९४५ मध्ये ते तिथून बाहेर पडले. पण याच बारा वर्षांत त्यांचे सर्वांत टिकाऊ काम झाले. आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर मोजण्याचे त्यांचे सूत्र १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आजही कोसंबी यांच्याच नावाने वापरतात. आपल्या बॅचमधले जे कृषी किंवा जैवतंत्रज्ञानाकडे गेले त्यांनी ते नाव संगणकाच्या पडद्यावर पाहिले असेल, फक्त हा माणूस पुण्यात राहत होता हे कोणी सांगितले नसेल.

इतिहासाकडे ते वळले नाण्यांमुळे. संख्याशास्त्र स्वतःच शिकत होते आणि ते वापरून पाहायला काहीतरी प्रत्यक्षातले हवे होते. विचार असा. टांकसाळीतून नाणी निघतात तेव्हा सगळ्यांचे वजन जवळपास सारखे असते. मग ती हातोहाती फिरतात, झिजतात. एखादे जास्त झिजते, एखादे कमी. म्हणजे जितका काळ नाणी वापरात, तितके सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त. त्यांनी आधी आपल्या रोजच्या व्यवहारातली नाणी तोलून हे पडताळले. नंतर तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या चांदीच्या आहत नाण्यांना तीच कसोटी लावली. त्या नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. नाणे तपासणाऱ्यांनी वेळोवेळी उमटवलेले. जितके ठसे जास्त तितके नाणे हलके. यावरून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची, हा क्रम लावता आला. ज्या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, त्यांना तराजूने बोलते केले.

मग प्रश्न आला, ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ वाचणे आले. त्यासाठी संस्कृत पक्के करणे आले. हा गणिताचा प्राध्यापक भर्तृहरीची शेकडो हस्तलिखिते ताडून पाहत बसला आणि १९४८ मध्ये त्याने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली. वडिलांची विद्या अशी मागच्या दाराने घरात परत आली.

ग्रंथांनी भागेना तेव्हा ते पायी निघाले. पुण्याभोवतालच्या टेकड्या, मावळातल्या वाटा, धनगरांचे वाडे. हातात काठी, पिशवीत सापडलेली गारगोटीची बारीक हत्यारे. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या १९६२ च्या पुस्तकात त्यांचा एक लेख चव्हाट्यांवरच्या मातृदेवतांवर आहे. सुरुवात मृच्छकटिकातल्या प्रसंगाची. चारुदत्त मैत्रेयाला सांगतो, चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बली ठेवून ये, आणि मैत्रेय रात्रीच्या भीतीने टाळाटाळ करतो. आपण नाटक बघतो आणि हसून पुढे जातो. कोसंबी थांबले. चव्हाट्यावरच का? आणि या माता कोण? उत्तर शोधायला ते रानोमाळ हिंडले. शेंदूर फासलेल्या तांदळा, वस्तीपासून दूर उभ्या असलेल्या बाया, आणि त्यांच्या आसपास अश्मयुगीन माणसांची हत्यारे. त्यांनी दाखवले की ही ठाणी गावांपेक्षा जुनी आहेत. भटक्या टोळ्यांच्या वाटा जिथे एकमेकींना मिळत, तिथे त्या त्या टोळ्यांच्या देवी बसल्या. त्याच वाटांवरून पुढे व्यापारी तांडे गेले आणि त्याच वाटांच्या कडेने कार्ले, भाजे, बेडसे इथली लेणी कोरली गेली.

आपण ज्या जागेचे नाव अभिमानाने किंवा वैतागाने घेतो, ती जागा म्हणजे एक फाटाच. एक रस्ता मुंब्र्याकडून, एक कल्याणकडून, एक पनवेलकडून, एक महापेकडून. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला इतिहास सुचत नाही हे कबूल. पण कोसंबी वाचल्यावर 'फाटा' हा शब्द मला निराळा ऐकू येऊ लागला. गाव आधी आणि रस्ता नंतर असे आपण धरून चालतो. ते म्हणतात, पुष्कळदा उलटे असते.

कल्याणचे तर त्यांच्या मांडणीत मोठे स्थान. जुन्नरहून नाणेघाट उतरून बैलांचे तांडे कल्याण बंदराकडे येत. नाणेघाटात सातवाहनांच्या नागनिकेचा लेख आहे आणि त्यात कोरलेले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे येतात. पाण्याचे टाके कोणी दिले, विहार कोणी खोदवला, भिक्षूंच्या चिवरासाठी पैसे कोणी ठेवले, सगळे दगडावर लिहिलेले. सरांनी आपल्याला कान्हेरीला नेले होते तेव्हा आपले लक्ष माकडांकडे होते.

इथे बाप आणि लेक समोरासमोर येतात. लेण्यात शिरल्यावर धर्मानंदांना बुद्धवचन आठवणार. दामोदर विचारणार, खर्च कोणी केला? त्यांचे म्हणणे असे की विहार हे केवळ ध्यानाचे ठिकाण नव्हते. व्यापारी मार्गावरचा तो मोठा आर्थिक आधार होता. तांड्यांना आसरा, विहारांकडे साठलेली संपत्ती, व्यापाऱ्यांची दाने, असे हे परस्परांचे नाते. श्रद्धावंताला हे खटकेल. पण बुद्धाच्या शिकवणीची त्यांनी कधी टर उडवली नाही. यज्ञात गुरे मारली जात तेव्हा शेतकऱ्याचे बैल जात. चोरी करू नये, खोटे बोलू नये, हत्या करू नये, हे नियम शेती आणि व्यापार यांवर उभ्या राहणाऱ्या नव्या समाजाला हवेच होते. नीती आकाशातून पडत नाही, माणसांच्या एकत्र राहण्याच्या गरजेतून येते, आणि म्हणून ती खोटी ठरत नाही, असा त्यांच्या लिखाणाचा रोख आहे. गीतेवरच्या लेखात ते विचारतात की एकाच ग्रंथातून शंकराचार्य, ज्ञानेश्वर, टिळक आणि गांधी यांना इतके वेगवेगळे अर्थ कसे काढता आले. प्रश्न आजही अडचणीचा आहे. मार्क्सच्या विचारांवर त्यांची निष्ठा होती, पण मार्क्सचे नाव घेऊन विचार करणे थांबवणाऱ्यांवरही त्यांनी तेवढेच कोरडे ओढले.

धर्मानंद मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. अखेरीस शरीर थकले, आता ते कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटून त्यांनी अन्न सोडायचे ठरवले. गांधीजींनी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. ज्याला स्वतःचा धर्म इतका शेवटपर्यंत पाळता आला, त्याच्या नास्तिक मुलाने वडिलांचे नाव 'धर्मानंद' आपल्या प्रत्येक पुस्तकावर डी. डी. या आद्याक्षरांत वागवले.

टाटा संस्थेत होमी भाभांशी त्यांचे संबंध सुरुवातीला चांगले होते. पुढे ते बिघडले. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते आणि अणुशक्तीवर देशाने एवढा पैसा घालावा हे त्यांना पटत नव्हते. जिथे वर्षातले आठ-नऊ महिने ऊन तापते तिथे सूर्यशक्तीवर संशोधन करा, ती गावोगाव पोचेल, असे ते पन्नाशीच्या दशकापासून जाहीरपणे सांगत होते. तेव्हा ते खुळेपणाचे वाटले. आज आपल्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर काय बसते आहे ते पाहावे.

पण सगळा दोष दुसऱ्या बाजूचा, असे म्हणणे खरे होणार नाही. गणितातला सर्वांत अवघड मानला जाणारा रीमानचा प्रश्न आपण सोडवला, असा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला आणि तो निबंध छापला शेतीविषयक संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांत त्यांची पत घसरली ती कायमची. दुसऱ्याच्या प्रत्येक विधानाला तराजूत घालणारा हा माणूस स्वतःचे काम परीक्षकांपुढे ठेवताना उतावीळ झाला. मला ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत दुःखद गोष्ट वाटते. नोकरी जाण्यापेक्षाही. बर्कहॉफसारखा, 'थांब, पुन्हा तपास' म्हणणारा कोणी तेव्हा जवळ उरला नव्हता, आणि असता तरी त्यांनी ऐकले असते की नाही कोण जाणे.

१९६२ साली संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. डेक्कन क्वीनचा प्रवास संपला. दोन वर्षांनी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांना मानद शास्त्रज्ञाचे पद मिळाले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे पुस्तक आले. विद्यार्थ्यांनी सर्वांत जास्त वाचलेले पुस्तक तेच. २९ जून १९६६ च्या पहाटे झोपेतच ते गेले. वय ५८. मावळातल्या धनगरांवर आणि त्यांच्या देवांवर लिहिलेला त्यांचा लेख अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात छापून आला तो पुढच्या वर्षी.

त्यांची धाकटी मुलगी मीरा समाजशास्त्रज्ञ झाल्या. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांवर त्यांनी मोठे काम केले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आजोबांचे 'निवेदन' इंग्रजीत आणले आणि वडिलांचे विखुरलेले लेख एकत्र करून छापले. आजोबा १९४७ मध्ये गेले तेव्हा ही नात आठ वर्षांची होती.